गुरुजी, तुमचं काम रिक्षावाल्यानं केलं. आता रविवारी तुम्ही जा

या वेळचं पत्र तासगाव तालुक्यातून आलंय. लांबलचक आहे, म्हणून थोडक्यात देते:

"मी निवृत्त प्राथमिक शिक्षक, वय ७१. मुलगा ३८ वर्षांचा. द्राक्षबाग आणि बेदाण्याचा व्यवहार तोच बघतो. दहा-बारा वर्षं पितो. दोनदा दवाखान्यात ठेवून दारू सोडवली. दोन्ही वेळा घरी आल्यावर महिना-दीड महिन्यात पहिले पाढे पंचावन्न. आता तिसऱ्यांदा, पण या वेळी स्वतःहून, व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झालाय. मागच्या रविवारी सूनबाई भेटायला गेली होती. तिथं सायकोड्रामा का मनोनाट्य असं काही चालतं म्हणे. वीसेक पेशंट गोल करून बसतात आणि एकेकाच्या घरचं नाटक करतात. त्या दिवशी आमच्या घरचं झालं. माझं काम एका रिक्षावाल्यानं केलं. आमच्या चिरंजीवांनी त्याला 'अण्णा, अण्णा' करत नको नको ते सुनावलं आणि हमसून हमसून रडला. सून म्हणाली, 'मामा, तो माणूस हुबेहूब तुमच्यासारखा बोलत होता.' त्या रात्री मला झोप नाही. मी तरुणपणी जत्रेतल्या नाटकांत कामं केली आहेत, नाटक म्हणजे काय ते मला शिकवू नये. पिणारा माणूस मुळातच अट्टल नट असतो. त्याला आणखी नाटक कशाला शिकवायचं? हा उपचार आहे की टाइमपास? घरची लक्तरं वीस परक्यांपुढं टांगल्यावर उद्या गावात काय होईल? काउन्सेलर बाई म्हणतात, पुढच्या रविवारी तुम्हीच या. जाऊ का? दुसरं असं की, शेजारच्या गावात एक जण जेवणात मिसळायची पावडर देतो. न सांगता दिली की दारू सुटते म्हणतात. तीच का देऊ नये? – एक गुरुजी"

गुरुजी, नमस्कार.

तुम्ही शेवटी विचारलंय त्याचं उत्तर आधी देते, कारण बाकीचं चार दिवस थांबेल, हे थांबणार नाही. ती पावडर देऊ नका. अशा पुडीत काय आहे हे देणारा सांगत नाही, घेणारा विचारत नाही. त्यात डायसल्फिरम, म्हणजे दारू सोडवायची गोळी, असू शकतं. ते औषध खोटं नाही, मानसोपचारतज्ज्ञ ते देतात. पण ते पोटात असताना दारू घेतली की शरीरात ॲसिटाल्डिहाइड नावाचं विषारी द्रव्य साचतं. तोंड लालबुंद होतं, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब खाली येतो, आणि हृदय आधीच नाजूक असेल तर माणूस दगावतोसुद्धा. म्हणून डॉक्टर आधी तपासण्या करतात, शेवटच्या घोटानंतर निदान १२ तास जाऊ देतात आणि पेशंटला बजावतात की गोळी बंद केल्यावरही दोन आठवडे दारूला शिवू नकोस. हे सगळं त्याला ठाऊक असतं म्हणून ती गोळी त्याची राखण करते. ठाऊक नसेल तर आपण त्याच्या ताटात विष कालवलं असंच म्हणायचं. शिवाय पुडी तुम्ही आणाल, पण आमटीत कालवायला सुनेलाच सांगाल. ज्या दिवशी हे त्याला कळेल, त्या दिवसापासून तो तिच्या हातचं खाणार नाही. डायसल्फिरम द्यायचंच असेल तर त्याच्या समोर, त्याच्या होकारानं आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर.

आता मुद्द्यावर. दोनदा दवाखान्यात जाऊन दारू का सुटली नाही, हे आधी बघू. तिथं जे झालं ते डिटॉक्स, म्हणजे शरीरातली दारू उतरवणं. ते हवंच. रोज पिणाऱ्या माणसाची दारू एकदम थांबली की काही तासांत हात थरथरायला लागतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या ते चौथ्या दिवसांच्या आसपास भ्रम होऊन माणूस भिंतीवर किडे दिसतात म्हणून ओरडतो. हे घरी, खोलीला बाहेरून कडी लावून करायचं काम नव्हे. यात माणसं मरतात. बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं आणि झटके रोखणाऱ्या गोळ्या त्यासाठीच असतात. पण आठ-दहा दिवसांत शरीर धुऊन निघालं तरी तासगावच्या सौद्यात बेदाणा विकला जायचा राहत नाही, अडत्याकडून पैसे हातात पडायचे राहत नाहीत, आणि संध्याकाळी सात वाजता कोणीतरी "बसायचं का?" विचारायचं राहत नाही. या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही सलाईनमध्ये नाही. ॲलन मार्लट नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं, दारू सोडलेली माणसं पुन्हा कशी घसरतात याचा हिशोब मांडला होता. जवळपास तीन चतुर्थांश वेळा कारण तीनपैकी एक निघालं: मनाची वाईट अवस्था, घरातलं किंवा माणसामाणसातलं भांडण, आणि मित्रांचा आग्रह. तुमच्या मुलाच्या मागच्या दोन घसरणी आठवून बघा. बहुतेक या तिन्हींतच सापडतील.

पिणारा माणूस अट्टल नट असतो, हे तुमचं वाक्य मी खोडत नाही. उलट ग्रुप हवा तो त्याचसाठी. नटाचं चालतं ते प्रेक्षकांच्या जिवावर, आणि घरात त्याला मिळालेले प्रेक्षक म्हणजे आई, बायको आणि तुम्ही. तिघांनाही त्याच्यावर विश्वास ठेवायची मनापासून इच्छा. "गाडी पंक्चर झाली म्हणून उशीर झाला" हे घरात खपतं. ग्रुपमध्ये हेच वाक्य टाकलं की समोरचा शांतपणे विचारतो, "या महिन्यात कितव्यांदा?" कारण ते वाक्य त्यानंही आपल्या बायकोला ऐकवलेलं असतं. तिथं कोणी कोणाला फसवू शकत नाही आणि कोणाला फसवायची गरजही उरत नाही, कारण लाज वाटून घ्यायला आपल्यापेक्षा सोवळं कोणी समोर नसतं. १९३५ साली अमेरिकेत ॲक्रन या गावी एक शेअर दलाल आणि एक सर्जन असे दोन दारुडे एकमेकांशी बोलत बसले. त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस हे दारू सोडू पाहणाऱ्यांचं, एकमेकांना आधार देणारं मंडळ उभं राहिलं, आणि आज महाराष्ट्रातही त्याच्या मराठी मीटिंगा चालतात. केंद्रातला ग्रुप थोडा वेगळा. तिथं काउन्सेलर असतो, वेळ ठरलेली असते, विषय पुढे सरकवला जातो. पण गाभा तोच. व्यसनी माणसाला आयुष्यभर उपदेश मिळालेला असतो, बरोबरीनं बसवून घेणारं कोणी मिळालेलं नसतं.

आता तुमच्या दुखण्यावर येते. तो रिक्षावाला.

मनोनाट्य ही पद्धत डॉ. जेकब मोरेनो यांची. जन्म १८८९ चा, बुखारेस्टचा, वाढले व्हिएन्नात. तिथं १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी संहितेशिवायचं नाटक करून पाहिलं. नट आयत्या वेळी सुचेल ते बोलणार. त्यांनी स्वतः सांगितलेला किस्सा आहे. त्यांच्याकडची एक नटी रंगमंचावर नेहमी सोज्वळ भूमिका करायची आणि घरी नवऱ्यावर अशी तुटून पडायची की त्याला नकोसं व्हावं. मोरेनोंनी तिला मुद्दाम भांडखोर, भडक भूमिका द्यायला सुरुवात केली, तेव्हा घरातला तिचा भडका कमी झाला. पुढे नवऱ्यालाही त्यांनी रंगमंचावर आणलं आणि दोघांच्या घरातले प्रसंग करायला लावले. १९२५ मध्ये ते अमेरिकेला गेले, १९३६ मध्ये न्यूयॉर्कजवळ बीकन इथं स्वतःचं रुग्णालय काढलं आणि त्यात उपचारासाठी रंगमंच बांधून घेतला.

हे सांगलीकडच्या माणसाला परकं वाटू नये. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी इथं 'सीता स्वयंवर' केलं तेव्हा पात्रांचे संवाद कुठं लिहिलेले होते? सूत्रधार पदं म्हणायचा आणि नट प्रसंग ओळखून पदरचं बोलायचे. मनोनाट्यात काउन्सेलर बाई सूत्रधाराच्या जागी असतात. तुम्ही जत्रेत केलंत ते पाठांतराचं, तोंडाला रंग लावून केलेलं नाटक. त्याच्याशी याची तुलना केलीत तर तुम्हाला हे भिकारच वाटणार. इथं कोणी चांगलं काम केलं म्हणून टाळ्या मिळत नाहीत.

एक सेशन साधारण असं चालतं. आधी सगळ्यांचं अंग आणि जीभ मोकळी करायची. उदाहरणार्थ, खोलीत एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत एक रेघ आहे असं समजायचं. या टोकाला "घरी गेल्यावर पिणार नाही याची मला पक्की खात्री", त्या टोकाला "काहीच भरवसा नाही". जो तो आपापल्या जागी जाऊन उभा राहतो. तोंडानं "आता शिवणार नाही" म्हणणारा माणूस पायानं मधेच कुठंतरी थांबतो आणि त्याचं त्यालाच नवल वाटतं. मग एक जण पुढे येतो, त्याचा प्रसंग करायचा. तो ग्रुपमधूनच माणसं निवडतो: तू माझी बायको, तू माझा भाऊ, तू अण्णा. आणि आता नीट वाचा, गुरुजी. निवडलेल्या माणसाला अण्णा कसे बोलतात हे माहीत नसतं. म्हणून आधी मुलगा स्वतः त्या जागेवर जातो आणि अण्णा होऊन दाखवतो. अण्णा कसे बसतात, चष्मा कसा काढतात, कुठल्या शब्दावर आवाज चढतो. ते बघून तो माणूस भूमिका उचलतो.

मी त्या दिवशी तिथं नव्हते, त्यामुळे काय झालं ते शपथेवर सांगू शकत नाही. पण पद्धत पाळली गेली असेल तर रिक्षावाल्याच्या तोंडून सूनबाईंनी जो तुमचा आवाज ऐकला, तो तुमच्या मुलानं त्याला दिलेला होता. रिक्षावाल्यानं तुमची नक्कल केली नाही, तो तुम्हाला ओळखतच नाही. अडतीस वर्षं तुमचं बोलणं ज्यानं कान देऊन ऐकलं त्यानं ते पाठ म्हणून दाखवलं. शिक्षकाला यात वाईट वाटण्यासारखं किती आणि थोडं बरं वाटण्यासारखं किती, ते तुम्ही ठरवा.

दुसरं असं की तिथं झालं ती तुमच्यावरची साक्ष नव्हती. तिथं खरं-खोटं ठरवायला कोणी न्यायाधीश बसलेला नसतो. मुलाच्या डोक्यात जे अण्णा आहेत ते तिथं उभे राहिले. ते तुमच्याइतके उंच असतील, तुमच्यापेक्षा कडकही असतील. त्यांच्याशी तो बारा वर्षं मनातल्या मनात भांडतोय, आणि भांडण असह्य झालं की बाटली उघडतोय. म्हणजे दारू तुमच्यामुळे प्यायली का? नाही. असं कोणी तुम्हाला म्हणालं तर ऐकून घेऊ नका. व्यसनाला रक्तातली ओढ असते, सवय असते, मेंदूत झालेले बदल असतात, सहज मिळणारी क्वार्टर असते. पण मनातलं ते भांडण मोकळ्यावर आलं आणि त्या वेळी हातात ग्लास नव्हता, हे त्याच्या आयुष्यात कदाचित पहिल्यांदा घडलं असेल.

आणि सून जे सांगायला विसरली असेल ते मी विचारते. त्यानंतर त्याला तुमच्या जागी बसवलं होतं का? मनोनाट्यातलं सगळ्यात कसाचं काम ते आहे, भूमिकांची अदलाबदल. मुलगा अण्णांच्या खुर्चीत, रिक्षावाला मुलाच्या जागी. आता रिक्षावाला त्याचीच वाक्यं त्याच्या अंगावर फेकतो: "तुम्ही मला कधी चांगलं म्हणालात?" आणि मुलाला अण्णा म्हणून उत्तर द्यायचं असतं. भली भली माणसं इथं गप्प होतात. मग "रात्री अकरा वाजता तू आला नाहीस की मी ओसरीवर बसून असतो" असलं काहीतरी बाहेर पडतं, जे ना बापानं कधी मुलाला सांगितलेलं असतं, ना मुलानं कधी मान्य केलेलं असतं. कधी कोणी त्याच्या खांद्यामागे उभं राहून त्याच्या मनातलं बोलून बघतं, चुकलं तर तो "नाही, असं नाही" म्हणून दुरुस्त करतो. कधी रिकाम्या खुर्चीवर बाटलीलाच बसवतात आणि तिच्याशी बोलायला लावतात. बाटली होऊन बोलायची वेळ आली की माणसं जे बोलतात ते ऐकून काउन्सेलरांनाही घाम फुटतो. "तुझं लग्न झालं त्याच्या आधीपासून मी आहे." असं.

शेवटी शेअरिंग. याचा एक कडक नियम आहे: सल्ला द्यायचा नाही, विश्लेषण करायचं नाही. फक्त "तुझं बघून माझं हे आठवलं" एवढंच बोलायचं. आणि ज्यानं अण्णा केला त्यानं "मी अण्णा नाही, मी अमुक अमुक" म्हणून भूमिका झटकून टाकायची. हा भाग गाळून "चला, चहा आला" म्हणून उठवणारं केंद्र असेल तर मला ते आवडणार नाही. माणसाला उघडं करून थंडीत सोडल्यासारखं होतं ते.

गावात काय होईल? ग्रुपमधलं बाहेर नेणार नाही असं प्रत्येकाकडून वदवून घेतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या व्यसनाशी जोडलेले आजार येतात आणि त्यात पेशंटला गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. तरी वीस तोंडं आहेत, शंभर टक्के हमी मी देणार नाही. पण मोकळेपणानं बोलू का? गावाला त्याचं पिणं केव्हाचं माहीत आहे. त्याला गाडीवरून आणून ओसरीवर टाकणारी माणसं गावातलीच होती ना? लपलेलं जे काही आहे ते तुमच्या घरातल्या माणसांचं एकमेकांपासून लपलेलं आहे.

तुम्हाला 'टाइमपास' म्हणायचा अधिकार कुठं आहे तेही सांगते. व्यसनात मनोनाट्याचा उपयोग होतो का, यावरचे अभ्यास थोडे आहेत आणि लहान आहेत. कोणी "यानं हमखास दारू सुटते" म्हणत असेल तर तो दुकान चालवतोय. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा मार्ग आणि त्याला जोडून देणाऱ्या उपचारांचा पुरावा त्याहून भक्कम आहे. २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक अभ्यास एकत्र तपासून मांडलेल्या निष्कर्षात, २७ अभ्यास आणि दहा हजारांवर माणसं होती, आणि पूर्ण दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत तो मार्ग इतर प्रस्थापित मानसोपचारांपेक्षा उजवा ठरला. त्यामुळे मनोनाट्य हे औषधं, रोजचा ग्रुप, काउन्सेलिंग आणि नंतरच्या मीटिंगा यांच्या जोडीला असेल तर मला मान्य. त्याच्यावरच सगळी मदार असेल तर नाही.

ग्रुप घातकही होतो, हेही लपवत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९५८ मध्ये सिनॅनॉन नावाची व्यसनमुक्तीची वसाहत सुरू झाली. तिथं 'गेम' नावाचा ग्रुप चालायचा. एकाला मध्ये घ्यायचं आणि बाकीच्यांनी त्याच्यावर शिव्यांचा भडिमार करायचा, म्हणे खोटेपणा गळून पडतो. सुरुवातीला मोठं नाव झालं. पुढे तिचा पंथ झाला. १९७८ मध्ये त्यांच्याविरुद्ध खटला लढवणाऱ्या वकिलाच्या टपालपेटीत विषारी साप सोडण्यापर्यंत मजल गेली, आणि संस्थापकाला अटक झाली तेव्हा तो स्वतः प्यायलेला होता. आपल्याकडेही "चार शिव्या हाणल्याशिवाय बेवड्याला अक्कल येत नाही" म्हणणारी केंद्रं आहेत. काही ठिकाणी मारतात, बांधून ठेवतात. तो सरळ गुन्हा आहे.

म्हणून रविवारच्या आधी काउन्सेलर बाईंना फोन करा आणि शाळा तपासणीला आलेल्या साहेबासारखे प्रश्न विचारा, मला तुमच्याकडून तीच अपेक्षा आहे. मनोनाट्य घेणाऱ्यानं त्याचं प्रशिक्षण घेतलंय का? मानसोपचारतज्ज्ञ केंद्रात येतात का, केंद्राची नोंदणी आहे का? एखाद्याला नको वाटलं तर "मी नाही करणार" म्हणता येतं का, की ओढून उभं करतात? शेअरिंगला वेळ ठेवतात का? ज्यांना भ्रम होतायत, जे नुकतेच आत्महत्येचं बोलत होते किंवा ज्यांची थरथर अजून उतरलेली नाही, त्यांना लांब ठेवतात का? यातलं एकही उत्तर गुळमुळीत आलं तर मला पुन्हा लिहा.

आणखी एक, जे तुमच्या पत्रात नाही. पिऊन आल्यावर त्यानं सुनेवर हात टाकलाय का? टाकला असेल तर तिला त्याच्यासमोर प्रसंगात उभं करू नये, हे काउन्सेलर बाईंना स्पष्ट सांगा. ज्याला माणूस घाबरतो त्याच्यासमोर "मोकळं बोल" म्हणणं हा उपचार नसतो. तिच्याशी वेगळं, एकटीशी बोलायला हवं.

हे सगळं नीट निघालं तर रविवारी जा. माझं उत्तर हो आहे.

जाताना तुमच्या बाबतीत मला दोन धोके दिसतात. पहिला, तुम्ही नट आहात. तुम्ही उत्तम बाप वठवाल, आवाज लावाल, आणि सगळे भारावतील. तसं करू नका. अडखळलात तर अडखळा. दुसरा धोका, तुम्ही मास्तर आहात. मुलानं एखादी तारीख चुकीची सांगितली की तुमच्या तोंडून "ते १४ साली नाही, १५ साली" निघेल. निघू देऊ नका. शेअरिंगमध्ये "मी म्हणत नव्हतो?" हे शब्द तर अजिबात नकोत. बाईंनी तुम्हाला त्याच्या खुर्चीत बसायला सांगितलं तर बसा. समोर कोणीतरी अण्णा असेल आणि तुम्ही अडतीस वर्षांचे, थरथरत्या हातांचे, गेल्या हंगामात बागेचे पैसे उडवलेले असाल. काय बोलावं सुचलं नाही तर तेवढंच सांगा, सुचत नाही म्हणून.

आणि एक मागणी तुम्ही स्वतः करा. बाईंना म्हणा, मागचं पुष्कळ झालं, आता पुढचं करून बघू. ते मनोनाट्यात करता येतं, आणि मला विचाराल तर तुमच्या घरासाठी तेच सगळ्यात कामाचं आहे. प्रसंग: बेदाण्याचा सौदा झालाय, भाव बरा मिळालाय, पैसे खिशात आहेत. ग्रुपमधला एक जण मित्र होतो.

"एवढा भाव मिळाला राव, बसायचं का?"

"नको, औषध चालू आहे."

"अरे, एका क्वार्टरनं काय होतंय?"

"...बघू."

इथं ग्रुप हसतो, कारण 'बघू' म्हणजे ढाब्यावर पोचल्यातच जमा, हे त्या खोलीत सगळ्यांना कळतं. पुन्हा करायचं. दुसऱ्यांदा तो भांडून बघेल, तिसऱ्यांदा काहीतरी थाप मारेल. पाच-सहा वेळा केल्यावर त्याचं त्याला एक वाक्य सापडतं जे त्याच्या तोंडी बसतं. "मी सोडलीय, पैसे बायकोकडे द्यायला चाललोय" असं साधंसुद्धा चालेल. पाय त्या वेळी कुठं वळवायचे, गाडी कुठं लावायची, हेही ठरतं. मग घरी आल्यावरचा प्रसंग करा. तो उंबऱ्यात, तुम्ही ओसरीवर, रात्रीचे साडेआठ. आजवर तुम्ही पहिलं काय करायचात? तोंडाचा वास घ्यायचात. त्या ऐवजी काय करणार, ते तुम्हीही तिथंच करून बघा. त्याच्याइतकीच तालीम तुम्हालाही लागेल.

घरी आल्यावरचं थोडक्यात. सौद्याचे पैसे पहिलं वर्षभर त्याच्या एकट्याच्या हातात नकोत, पण हे त्याच्याशी बोलून ठरवा, मागून नाही. गोळ्या आणि फॉलोअप चुकवू नका. जवळची मीटिंग केंद्रातून विचारून ठेवा आणि पहिल्या आठवड्यातच त्याला जाऊ द्या. घसरला, एखाद्या दिवशी प्यायला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्राला फोन. तमाशा नको आणि लपवाछपवीही नको. रात्री-अपरात्री कोणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर मराठीत बोलता येतं, व्यसनासाठी १४४४६ ही वेगळी हेल्पलाइन आहे. केंद्र बदलायची वेळ आलीच तर साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेलं परिवर्तन आहे, पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये उभं केलेलं मुक्तांगण आहे. मुक्तांगणचा व्यसनी माणसांच्या पत्नींसाठी सहचरी गटही आहे. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या ३८ माणसांमागे एकालाच कुठला ना कुठला उपचार मिळालेला होता. तुमचा मुलगा तिसऱ्यांदा आणि स्वतःच्या पायानं गेलाय. हे त्याला अजून कोणी म्हणालेलं नसेल तर रविवारी म्हणायला हरकत नाही.

सूनबाईंना मात्र "चल" असं सांगू नका, विचारा. मागचा रविवार त्यांनी एकटीनं निभावला आणि घरी येऊन तुमचीही समजूत काढली. या रविवारी त्यांना यायचं असेल तर येतील, नाहीतर घरी राहून दुपारी दोन तास झोप काढतील.